भोंग्याच्या नोंदी

४ मार्च, सोमवार

निवृत्तीला चार आठवडे उरलेत आणि हे आताच उपटायचं होतं.

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं निरोपसमारंभाचं असेल, म्हणून "कशाला हो उगाच" हे वाक्य तोंडात तयार ठेवूनच गेले. त्यांनी एक ईमेल दाखवली. बाहेरची कोणी एक बाई आहे, सॉफ्टवेअरमधल्या फटी शोधणं हाच तिचा व्यवसाय. तिला आमच्या 'राखण'मध्ये फट सापडली आहे. महिनाअखेरपर्यंत बुजवा, त्यानंतर मी ती जाहीर करणार, असं तिनं अगदी गोड भाषेत लिहिलंय.

'राखण' म्हणजे आम्ही हातांनी वाढवलेलं लेकरू. दवाखाने, शाळा, पाणीपुरवठा, अशा कितीतरी ठिकाणच्या फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचे पहारेकरी, त्याच्या एका पडद्यावरून सांभाळल्या जातात. दर फायरवॉलचं एक पान, आणि पानाच्या तळाशी 'नोंद' नावाची चौकट. शिफ्ट संपताना पुढच्या माणसासाठी निरोप लिहायची जागा. त्या चौकटीत कोणी निरोपाऐवजी संगणकाचा हुकूम लिहिला, तर आमचं पान तो दाखवत नाही, चक्क पाळतं. तेही पान उघडणाऱ्याच्या नावाने. मुख्य अधिकाऱ्यानं पान उघडलं की लिहिणारा हळूच त्याच्या खुर्चीत. चिठ्ठी वाचायची असते, आमचं पान चिठ्ठीत सांगितलेलं करून मोकळं होतं.

मी म्हटलं, "शक्य नाही. पहिल्या आवृत्तीत मी स्वतः तिथे गाळणी लावली होती. हुकूम असला तरी तो नुसती अक्षरं म्हणून दिसेल अशी."

"मग ती गेली कुठे, ताई?" साहेब म्हणाले. "शोधा तुम्हीच. त्या काळात प्रोग्रॅम लिहिणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही."

मी काय संग्रहालयातली वस्तू आहे?

५ मार्च, मंगळवार

सापडलं. कोणी कधी काय बदललं याचा सगळा इतिहास सर्व्हरवर असतो. एकोणीस वर्षांपूर्वी, १२ जूनला, माझी गाळणी कोणीतरी काढून टाकली. शेजारी शेरा: "तात्पुरतं. आठ दिवस."

खाली नाव भोंग्याचं.

वाटलंच होतं मला. तेव्हा तो आमचा प्रकल्पप्रमुख, त्याला कोण विचारणार? भोंगा हे नाव मीच ठेवलेलं. त्याची पाळी सकाळची, माझी दुपारची, मधे निरोप त्या चौकटीतून. आणि नोंद लिहायचा तर ही एवढाली अक्षरं, दुकानाच्या पाटीसारखी. बोलायला मात्र इतका हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. तोंडाने जमत नाही ते अक्षरांनी ओरडून घेतो, असं मी एकदा म्हणाले आणि ऑफिसभर नाव झालं. गाळणी असती तर अक्षरं मोठी करायचा हुकूमही चालला नसता. म्हणजे स्वतःच्या हौसेसाठी यानं दार उघडलं आणि आठ दिवसांत लावायचं विसरला.

सांगितल्यावर साहेब म्हणाले, "तात्पुरतं म्हणे! एकोणीस वर्षं!" त्यांना हसू आलं. मला नाही आलं.

८ मार्च, शुक्रवार

दुरुस्तीसाठी जुना साठा माझ्या यंत्रावर उतरवून घेतला. एका दवाखान्याच्या नोंदी पहिल्या दिवसापासूनच्या आहेत. चुकूनच एक उघडली, मग तासभर तिथेच बसले.

"बाई, तिसऱ्या मजल्यावरचं यंत्र दुपारी रुसतं. एकदा बंद करून पुन्हा उठवा. थर्मासमध्ये चहा ठेवलाय, निम्मा तुमचा."

"बाई, आज सगळं शांत आहे. तुमच्या शिफ्टला काही काम ठेवलं नाही, माफी असावी."

वाचता वाचता ती खोली समोर उभी राहिली. पेटाऱ्याएवढे मॉनिटर, यंत्रांसाठी लावलेला बर्फासारखा गारवा, त्यात आम्ही शाली गुंडाळून बसायचो. हिरवा थर्मास, ज्याचं झाकण हरवलं म्हणून वाटी उपडी घालायचो. अडीचच्या ठोक्याला तो उठायचा, खुर्ची माझ्या उंचीला लावून ठेवायचा आणि निघायचा. मला ते दिवस फार आवडायचे. कुणापाशी बोलले नाही कधी, वहीत लिहायला काय हरकत आहे?

तपासणी विभागातली बाई डबा घेऊन आली. ती माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेली, जुन्यातली म्हणावी अशी आता तीच. पडद्यावर पाहून म्हणाली, "अजून तुझ्या भोंग्याची अक्षरं! गंमत आहे, मला लिहायचा त्या नोंदी बारीक असायच्या."

"तुझ्यावर ओरडायची त्याला गरज वाटली नसेल," मी म्हटलं.

११ मार्च, सोमवार

प्रकरण वाढलं. साहेबांनी जुनी बैठकांची टिपणं काढली. अकरा वर्षांपूर्वीच्या बैठकीत मी ती चौकट बंद करायची मागणी केली होती आणि त्यानं विरोध केला होता. ही बैठक मी मनातून अशी पुसली होती की चार तारखेला 'शक्य नाही' म्हणून बसले. टिपणात लिहिलंय: "प्रकल्पप्रमुखांचा विरोध. कारण सांगितले नाही. विषय पुढील बैठकीत घ्यावा."

टिपणात नाही ते मला आठवतंय. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "लोकांची कुलपं तपासायची आणि आपलं दार उघडं टाकायचं, हे मला पटत नाही. तुम्हाला तुमची मोठी अक्षरं एवढी प्यारी असतील तर भिंतीवर लिहा." सगळे हसले. तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मला कारण सांगता येणार नाही."

"कारण नसलं की माणूस असंच बोलतो," मी म्हणाले.

चार महिन्यांनी त्यानं राजीनामा दिला. तेव्हापासून एक शब्द नाही आमच्यात. त्यानं काढला नाही, मीही काढला नाही.

आज कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या, गाळणी यानंच काढली, परत लावायलाही यानंच अडवलं, म्हणजे फट मुद्दाम ठेवलेली दिसते. ग्राहकांना जाणाऱ्या पत्रात तसं नावानिशी लिहायचं आणि एक प्रत तो शिकवतो त्या संस्थेला पाठवायची. तो तिथे नेटवर्क सुरक्षाच शिकवतो. हे पत्र गेलं की त्याला वर्गात कोण उभं करणार? लग्न केलं नाही, आईचं करता करता राहून गेलं म्हणे. वर्ग सोडला तर त्याला दुसरं काय आहे?

सगळं माझ्या अहवालावर आहे. मी लिहिलं 'मुद्दाम', की झालं.

१४ मार्च, गुरुवार

अहवालाचा मसुदा केला. 'मुद्दाम' लिहिलं नाही, 'वैयक्तिक हौसेपोटी' असं लिहिलं. वकीलबाई त्याचं 'मुद्दाम' करायला समर्थ आहेत.

लिहिताना बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. अकरा वर्षं पोटात राहिलेलं बाहेर पडत होतं. जेवताना अक्काला वाचून दाखवला, तपासणीवाल्या बाईच्या बारीक नोंदींचंही सांगितलं. अक्का माझी थोरली बहीण, मेहुणे गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. तिनं वरणाचा डाव हातातच धरून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे या माणसाला फक्त तुझ्यावरच ओरडायची हौस होती?"

"मग काय तर!"

"आणि तुला ते एकोणीस वर्षांत विचित्र वाटलं नाही."

अक्काचं हे नेहमीचं. मला कधी कोणी पसंत पडलं नाही असं मी म्हणते. ती म्हणते, तू मान वर करून कोणाकडे पाहिलंस कधी?

आज लिहायला त्रास होतोय. उजवा डोळा दुखतो आहे. दिवसभर बारीक अक्षरं, दुसरं काय. जाड निबाचं पेन संपत आलंय, आणायला हवं.

१८ मार्च, सोमवार

नीट क्रमाने लिहिते.

अकरा वाजता गाळणी परत लावली, फक्त माझ्या यंत्रावरच्या प्रतीत. आता चौकटीत हुकूम लिहिलेला असला तरी तो पाळला जाणार नाही, अक्षरं म्हणून उघडा दिसेल. फट शोधणाऱ्या बाईनं पाठवलेला नमुना हुकूम टाकून पाहिला. नुसता दिसला, काही झालं नाही. जीव भांड्यात पडला.

मग जुन्या नोंदी नीट दिसतात का ते पाहायला दवाखान्याचं पान उघडलं. त्याच्या नोंदी बारीक झाल्या होत्या. आणि प्रत्येक नोंदीच्या आधी, इतकी वर्षं पडद्यामागे लपलेला हुकूम आता उघडा पडला होता: अक्षर मोठं करा. अक्षर मोठं करा. निरोपाच्या शेवटी: मोठं अक्षर इथे संपलं.

पानं उलटत गेले. तपासणीवाल्या बाईला लिहिलेली नोंद साधी. साहेबांना लिहिलेली साधी. "बाई" असं सुरू होणारी प्रत्येक नोंद त्या हुकमाने बांधलेली, एकही सुटलेली नाही. आठ वर्षं रोजच्या रोज. हा हुकूम आपोआप उमटत नाही, दर वेळी हाताने टाइप करावा लागतो. हुकमात अक्षराच्या मापाचा आकडा असतो, तो पहिल्या पहिल्यांदा पाच आहे. मधे माझा डोळा पुन्हा बिघडला होता त्या हिवाळ्यात सहा. नंतर परत पाच.

पुढचं वाचायला मला खणातलं भिंग काढावं लागलं. हातात भिंग धरलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. फार उशिरा पडला.

घरी येऊन कपाटातून एकोणीस वर्षांपूर्वीची रोजनिशी काढली. अक्का दारात उभी राहून बघत होती. १२ जूनचं पान असं: "आजपासून कामावर. घर बदलायला रजा घेतली होती असंच सगळ्यांना सांगितलं. डोळ्याच्या शस्त्रक्रियेचं कळलं तर पडद्यासमोरून उठवून हिशेब-विभागात टाकतील. सवय व्हावी म्हणून सकाळीच गेले, पडद्यावरचं काही दिसेना, रडू आलं. शेजारी बसलेल्या प्रमुखांना दिसू नये म्हणून तोंड फिरवलं. दुपारी बसले तेव्हा नोंदीची अक्षरं चक्क स्पष्ट दिसली! डॉक्टरांच्या हाताला यश आहे."

डॉक्टरांच्या हाताला!

अक्काला वाचून दाखवलं. तिनं माझ्या हातातून वही घेऊन मिटली. मग म्हणाली, "चहा ठेवते." मी तशीच रडत बसले.

१९ मार्च, मंगळवार

त्या बैठकीत ते काय बोलू शकणार होते? कारण सांगायचं म्हणजे माझा डोळा सगळ्यांसमोर मांडायचा. मी सगळ्यांना हसवत होते आणि ते माझंच गुपित सांभाळत होते.

आणखी एक गोष्ट मला स्वतःशी कबूल करायला हवी. ते गेल्यावर अकरा वर्षं गाळणी लावायला मला कोणी अडवलं होतं? विषय "पुढील बैठकीत" होता. मी तो पुन्हा काढलाच नाही. ते गेले आणि मला त्या चौकटीचं नावही नकोसं झालं. दुसऱ्यांच्या नोंदी मी खणातलं भिंग लावून वाचत राहिले, पुढे मोठे पडदे आले, भागलं. पहारा आमच्याकडे आणि दवाखान्यांची दारं अकरा वर्षं माझ्या रुसव्यापायी उघडी. कोणी आत शिरलं नाही हे नशीब. तपासणीवालीनं सगळा साठा चाळला, शिरकाव करणारा हुकूम एकही सापडला नाही. सापडले ते सगळे अक्षर मोठं करणारे.

तिनं ते पाहिले. इतकंच म्हणाली, "मला बारीक लिहायचा ते बरोबर होतं म्हणजे."

२० मार्च, बुधवार

जुना मसुदा फाडला. नवा अहवाल साहेबांना दिला. त्यात लिहिलंय ते असं. गाळणी तत्कालीन प्रमुखांनी काढली, कारण एका कर्मचारी महिलेला शस्त्रक्रियेनंतर बारीक अक्षर दिसत नव्हतं आणि तिनं ते ऑफिसपासून लपवलं होतं. मार्ग चुकीचा होता, हेतू वाईट नव्हता. त्यांच्या राजीनाम्यानंतर गाळणी परत लावायची जबाबदारी त्याच महिलेची होती आणि तिनं ती पार पाडली नाही. ती महिला म्हणजे मी.

साहेबांनी दोनदा वाचलं. "ताई, दहा दिवसांनी निवृत्त होताय. कशाला अंगावर ओढवून घेता? दरवर्षी तब्येतीच्या फॉर्मवर तुम्ही 'दृष्टी उत्तम' लिहिलंय. वकीलबाई सोडणार नाहीत. निरोपाच्या दिवशी हे बोलणं निघालं तर बरं दिसेल का?"

"नाही दिसणार," मी म्हटलं.

"त्यांचं नाव सरळ वगळू या ना. कारण अज्ञात, असं लिहू."

"कारण अज्ञात असं एकदा टिपणात लिहून झालंय, साहेब. त्यावरून आज त्यांना चोर ठरवत होतो आपण."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग सही केली. वाईट माणूस नाही तो.

परत येऊन मी भिंग खणातून काढलं आणि सगळ्यांदेखत टेबलावर ठेवलं. पलीकडच्या टेबलावरून एकीनं ते उसनं मागितलं, सुईत दोरा ओवायला.

२६ मार्च, मंगळवार

वकीलबाईंनी तास घेतला माझा. फॉर्मबद्दल लेखी समज मिळाली. चौतीस वर्षांत पहिली, आणि घ्यायला उरले चार दिवस. संस्थेला पत्र जाणार नाही. ग्राहकांच्या पत्रातूनही त्यांचं नाव निघालं, माझंही. "कर्मचाऱ्याच्या सोयीसाठी केलेला बदल" असे शब्द आहेत. सोय. बरं, सोय तर सोय.

साहेब म्हणाले, जुन्या नोंदींमधले उघडे पडलेले हुकूम विद्रूप दिसतात, साफ करायचा प्रोग्रॅम चालवतो. मी म्हटलं, "दवाखान्याचं पान मी हाताने साफ करते."

"दोन हजारांवर नोंदी आहेत, ताई."

"त्यांनी हाताने लिहिल्यात."

२९ मार्च, शुक्रवार

शेवटचा दिवस. दुपारी बाराला दुरुस्ती सगळ्या ग्राहकांकडे पोचली. फट शोधणाऱ्या बाईचं उत्तर आलं: तपासलं, बंद आहे, आभार. तिला काय माहीत तिनं काय उघडलं ते.

दवाखान्याच्या नोंदी काल संध्याकाळी संपल्या. एकेक वाचून साफ केली. तीन दिवसांत ती आठ वर्षं पुन्हा जगून घेतली, दुसऱ्या बाजूने. त्यांची शेवटची नोंद राजीनाम्याच्या दिवसाची आहे. त्या दिवशी रागाने मी ती उघडली नव्हती. "बाई, नवीन माणसाला सांगून ठेवलंय की निरोप तोंडी द्यावा. खुर्चीचा उजवा पाय डुगडुगतो, जपून." हुकूम नेहमीसारखा, पाच.

समारंभात चार शब्द बोला म्हणाले. मला दोनच सुचले, येते मी. तपासणीवालीनं माझा हात धरला होता.

३१ मार्च, रविवार

सकाळी त्यांच्याकडे गेले. पत्ता तोच आहे, पहिला मजला. अक्का म्हणाली, आधी फोन कर. मी केला नाही. त्यांनी फोन उचलला असता आणि नको म्हटलं असतं, तर मी काय करणार होते?

दार त्यांनीच उघडलं. वाळलेत फार. डोळ्यांवर जाड चष्मा. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, शेजारी हिरवा थर्मास. झाकण अजून नाही, वाटीच उपडी.

मी बसलेही नाही. "मला कळलं," म्हटलं. "अकरा वर्षं उशिरा कळलं. त्या बैठकीत मी तुमचा पाणउतारा केला त्याची माफी मागायला आले."

ते हळूच म्हणाले, मला नेहमीसारखं वाकून ऐकावं लागलं, "चूक माझीच होती. अक्षर मोठं ठेवून गाळणी लावता आली असती. दुसरा रस्ता होता, मला नंतर सुचला. तोवर विषय असा झाला होता की हात लावला असता तर तुम्हाला कळलं असतं."

"मला एकटीला सांगायचंत."

"तुम्ही त्या दिवसापासून माझी नोंद वाचली नसती, बाई."

वाचली नसतीच. मी खुर्ची ओढून बसले. त्यांनी वाटी सरळ करून त्यात चहा ओतला, स्वतःसाठी कप घेतला. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. चहा गार होत आला तेव्हा त्यांनी विचारलं, "बंद केलंत का शेवटी ते?"

"शुक्रवारी. सगळीकडे."

त्यांनी मान हलवली. चांगलं झालं, म्हणाले. मग कप खाली ठेवून, काळजीने माझ्याकडे बघत विचारलं, "मग आता तुम्ही वाचता कशा?"

या माणसाला मी भोंगा म्हणत होते.

पर्समधून भिंग काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं, उजेडात धरलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं, पुन्हा उजेडात धरलं.

"चरा पडलाय," म्हणाले. "दुसरं घ्यायला हवं."

येत्या शनिवारी घ्यायला जायचं ठरलं आहे. अक्काला अजून सांगितलेलं नाही.